रेकॉर्डेड इंटरव्ह्यूची केबिन आणि सराव, नवी पेठ: केबिन घ्या, मॅडमचा तास घ्या, तो स्कोअर रिपोर्ट मात्र नका घेऊ

हल्ली कंपन्या इंटरव्ह्यूची उत्तरं कॅमेऱ्यासमोर रेकॉर्ड करून मागतात, त्यासाठी तासावर केबिन देणारी आणि सराव करून घेणारी पुण्यातली ही जागा. पाचातले साडेतीन. केबिनला साडेचार, सराव घेणाऱ्या मॅडमना पाच आणि त्या रंगीत रिपोर्टला भोपळा. सरासरी काढली तर तीनच्या थोडंसंच वर येते, पण मॅडमसाठी वाढवून देतेय.

आधी पैशाचं सांगते, कारण मी स्वतः शोधत होते तेव्हा कुणीच धड लिहिलेलं नव्हतं. केबिन तासाला १५० रुपये, मॅडमबरोबर सरावाचा तास ५०० आणि तो 'एआय स्कोअर रिपोर्ट' वेगळे ६००. तिन्ही एकत्र घेतलं तर १००० म्हणतात, म्हणजे आपल्याला वाटतं २५० वाचले, पण रिपोर्ट घेतलाच नाही तर ६५० मध्येच काम होतं. काउंटरवरचा मुलगा कॉम्बो गळ्यात मारायला बघतो, ठामपणे नाही म्हणा, तो वाईट वाटून घेत नाही.

मी कोण तर अकाउंट्सवाली. लग्नाआधीपासून नोकरी, मग मुलीसाठी २०१५ ला सोडली, आता ती कॉलेजला जायच्या वयाची झाली तेव्हा परत सुरुवात करायची ठरवली. माझा शेवटचा इंटरव्ह्यू २००८ मध्ये भोसरीच्या एका कारखान्यात झाला होता, साहेबांनी चहा मागवला, टॅलीत दोन एंट्र्या करून दाखवा म्हणाले, पगार किती घ्याल विचारलं आणि सोमवारपासून या म्हणाले. इतकंच. आता खराडी मगरपट्टा भागात परदेशी कंपन्यांची अकाउंट्सची कामं करणारी मोठी ऑफिसं आहेत, तिथे अकाउंट्स पेएबलसाठी, म्हणजे आलेली बिलं तपासून चुकती करायच्या कामाला, माझ्यासारख्यांना घेतात असं भाचीने सांगितलं, म्हणून अर्ज टाकले, तर जिकडून तिकडून एकच मेल, 'तुमचा डिजिटल इंटरव्ह्यू पूर्ण करा'.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेलमध्ये लिंक असते आणि काही दिवसांची मुदत. लिंक उघडली की ब्राउझर कॅमेरा आणि माईकची परवानगी मागतो, एखादा प्रॅक्टिसचा प्रश्न येतो आणि मग खरे प्रश्न एकेक करून स्क्रीनवर. विचार करायला बहुतेक ३० सेकंद, मग रेकॉर्डिंग आपोआप सुरू, उत्तराला दीड-दोन मिनिटं, कोपऱ्यात उलटे आकडे पळत असतात. काही ठिकाणी एकदा परत रेकॉर्ड करू देतात, काही ठिकाणी तेही नाही, बोललात ते गेलं. पलीकडे माणूस नसतो. मी घरी पहिल्यांदा सराव करत होते तर सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, "कोण गं आहे फोनवर?" म्हणलं कुणी नाही आई. "मग हसतेस कुणाकडे बघून?"

आणि हे काही कोविडनंतरचं खूळ नाही बरं का, अमेरिकेतल्या युटामधली हायरव्ह्यू ही कंपनी २००४ सालापासून ह्या धंद्यात आहे, सुरुवातीला तर ते उमेदवारांना वेबकॅम घरपोच पाठवायचे. आपल्याकडे कॅम्पसवाल्या पोरांना ऑनलाईन टेस्ट केव्हापासूनच अंगवळणी पडल्यात, टीसीएसची एनक्यूटी काय, ॲमकॅट काय, त्यांना ह्यात नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आम्हाला, मधल्या पिढीला, ज्यांना समोर मान हलवणारं कुणीतरी लागतं.

आता केबिन कशाला, घरी का नाही. आमचं घर कर्वेनगरला. शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, सकाळी ब्रेकर, दुपारी मिक्सर. भंगारवाला रोजचा. संध्याकाळी सात नंतर जरा शांतता होते म्हणावं तर गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोलपथकांचा सराव, ढोल ऐकायला मलाही आवडतो पण 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' चालू असताना नाही. गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स निघालं की वायफायही गेलं. आणि घरातली माणसं! दार लोटून कुणीतरी विचारणारच, साखर कुठे ठेवलीस.

नेहमीच्या अभ्यासिकेत जाऊन करावं तर तिथे बोलायचंच नसतं. नवी पेठ, सदाशिव पेठ सगळी एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिकांनी भरलेली, तिथे पेनाचं टोपण पडलं तरी दहा जण वळून बघतात. ह्या लोकांनी बरोबर तेच हेरलं. जुन्या अभ्यासिकेचा अर्धा भाग तोडून सहा केबिन काढल्यात, म्हणजे एका बाजूला पोरं तोंड मिटून बसलेली आणि भिंतीच्या पलीकडे सहा जण भिंतीशी बोलतायत. शास्त्री रोडच्या आतल्या गल्लीत, पहिला मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. जिना अंधारा आहे, गुडघे दुखत असतील तर सांभाळून.

केबिन छोटी आहे पण विचार करून बनवलीय. प्लायच्या भिंतींना आतून काळा फोम, मागे साधा राखाडी पडदा, उजेड समोरून आणि जरा बाजूने, त्यामुळे चष्म्यात दिवा चमकत नाही. कॅमेरा लॅपटॉपचा नाही, वेगळा, स्टँडवर डोळ्यांच्या रेषेत लावलेला. ह्याचा किती फरक पडतो ते घरी कळत नाही, घरी लॅपटॉप टेबलावर ठेवला की कॅमेरा खालून वर बघतो आणि आपल्या नाकपुड्या आणि छताचा पंखा एवढंच दिसतं. इंटरनेट वायरचं आहे, वायफायवर अवलंबून नाही, आणि इन्व्हर्टर आहे. लेन्सच्या शेजारी कुणीतरी गणपतीचं बारीक स्टिकर लावलंय, त्याच्याकडे बघून बोला असं सांगतात म्हणजे नजर बरोबर कॅमेऱ्यात राहते. ही आयडिया मला फार आवडली, घरी पण तेच केलं.

अर्धा स्टार कुठे कापला? एक म्हणजे आवाज पूर्ण अडत नाही. शेजारच्या केबिनमधला मुलगा तावातावाने 'मायसेल्फ अमुक अमुक फ्रॉम लातूर' सुरू झाला की आपल्याला ऐकू येतं, माईकमध्ये येत नाही म्हणतात, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये अगदी हलकं आलं होतं. दुसरं, एसी बंद करून बोलावं लागतं नाहीतर घरघर येते, आणि मे महिन्यात त्या डब्यात एसी बंद म्हणजे काय ते विचारू नका. तिसरं जरा गंभीर. केबिनच्या दाराला काच आहे आणि दार पाठीमागे येतं, पडदा नीट ओढला नाही तर बाहेरून जाणारा माणूस कॅमेऱ्यात दिसतो. नुसत्या व्हिडिओ इंटरव्ह्यूला एक वेळ चालेल, पण जिथे प्रॉक्टरिंग असतं, म्हणजे सॉफ्टवेअर तुमच्यावर नजर ठेवतं, टॅब बदलला की नोंद, फ्रेममध्ये दुसरा चेहरा आला की नोंद, तिथे ही काच भारी पडू शकते. मी सांगितल्यावर त्यांनी माझ्या केबिनच्या काचेला ब्राऊन पेपर लावला. बाकीच्या पाच तशाच होत्या. तुम्ही गेलात तर स्वतः तपासा.

प्रॉक्टरिंगवाली टेस्ट असेल तर अजून एक, स्वतःचा लॅपटॉप न्या. काही टेस्टना त्यांचा वेगळा सुरक्षित ब्राउझर इन्स्टॉल करावा लागतो आणि ह्यांच्या मशीनवर त्याची परवानगी नसते, काउंटरवरच्या मुलाला पासवर्ड माहीत नसतो, मालक संध्याकाळी येतात. लॅपटॉप आणला तर वायर आणि कॅमेरा जोडून देतात, त्याचे जास्तीचे पैसे घेत नाहीत.

आता मॅडम. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बरीच वर्षं एचआरमध्ये काढलीत, आता इथे ठराविक वेळी बसतात. पहिल्यांदा मला वाटलं गोड गोड बोलून पाठ करायला उत्तरं देतील, तसे क्लास पुण्यात पैशाला पासरी आहेत. पण ह्यांची पद्धत वेगळी आहे. तुम्ही केबिनमध्ये जाऊन पाच प्रश्नांची उत्तरं रेकॉर्ड करायची, मॅडम आत येत नाहीत. मग त्या व्हिडिओ बघतच नाहीत आधी! आवाजावरून आपोआप जो मजकूर तयार होतो, त्याची प्रिंट काढतात आणि लाल पेन घेऊन तुमच्यासमोर बसतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं, बऱ्याच ठिकाणी मशीनला पहिल्यांदा दिसतो तो हा मजकूर, तुमचं हसणं नंतर.

आणि तो मजकूर वाचून माझं मलाच हसू आलं. मी टीडीएस म्हणलं होतं ते छापून आलं टीडियस. लेजरचं लेदर. एके ठिकाणी व्हेंडरचं काहीच्या काही. कंपनीच्या माणसाला वाटावं ही बाई चामड्याच्या कंटाळवाण्या धंद्यात होती. ह्यावर मॅडमनी जे सांगितलं ते मला सगळ्यात पटलं, की इंग्रजी बदलायला जाऊ नका, अमेरिकन सूर तर अजिबात लावू नका, मराठी माणूस तो सूर लावायला गेला की घाई करतो आणि शब्द अजून गिळतो. फक्त वेग कमी करा. आखूड नावं पहिल्या वेळी पूर्ण म्हणा, टॅक्स डिडक्टेड ॲट सोर्स असं अख्खं, मग पुढे टीडीएस. आकड्याच्या आधी आणि नंतर श्वास घ्या. वाक्य संपलं की थांबा, 'अँड' लावून पुढचं जोडू नका. दुसऱ्या फेरीत लेजरचं लेजर छापून आलं. मशीनचं ऐकणं सगळ्यांसाठी सारखं नसतं हे नुसतं आपल्याला वाटत नाही, २०२० साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज-ते-मजकूर सिस्टिम तपासल्या होत्या, गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरात १९ शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. तिकडचे लोक, तिकडचं इंग्रजी, तरी ही गत. मग कर्वेनगरच्या बाईने लाजायचं कारण काय.

दुसरं त्या प्रिंटवर दिसलं ते ॲक्च्युअली, बेसिकली आणि मीन्स. एका उत्तरात मीन्सवर एवढे लाल गोल की पान रांगोळीसारखं दिसत होतं. बोलताना आपल्याला हे कधीच ऐकू येत नाही, कागदावर आलं की लाज वाटते आणि आपोआप कमी होतं.

पण खरा फायदा झाला तो ब्रेकच्या प्रश्नाचा. हा प्रश्न येणारच, 'मधल्या काळात काय करत होतात'. मी नोकरी सोडली तेव्हा जीएसटी नव्हता, व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सचे दिवस, जीएसटी आला १ जुलै २०१७ ला तेव्हा मी घरी होते. म्हणजे माझा अख्खा अनुभव जुन्या खात्यात. मी मॅडमना म्हणलं, काय सांगू, घर बघत होते, मुलगी बघत होते, सोसायटीची खजिनदार होते एवढंच. त्या म्हणाल्या सोसायटीचं सांगा. मी सुरू केलं, आमची सोसायटी अशी, तिथे एवढे फ्लॅट, आमच्याकडे पाण्याचा प्रश्न पहिल्यापासूनच.. त्यांनी हात वर केला. "काय केलंत ते आधी सांगा, कुठे केलंत ते मागून येऊ दे. पाण्याचा प्रश्न पुण्यात सगळ्यांनाच आहे."

तर झालं असं होतं, उन्हाळ्यात टँकर यायचे, टँकरवाला महिन्याच्या शेवटी बिल द्यायचा, आधीचे खजिनदार सही करून चेक द्यायचे. मी आल्यावर तीन कागद शेजारी ठेवले, टँकर मागवल्याचे व्हॉट्सॲपचे मेसेज, गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर आणि बिल. काही टँकर बिलात होते पण गेटवर आलेच नव्हते. टँकरवाल्याशी बसून ते पुढच्या बिलातून वळते करून घेतले. मला हे घरगुती काम वाटायचं, सांगायलाही संकोच. मॅडम म्हणाल्या अहो तुम्ही ज्या नोकरीला अर्ज केलाय त्या नोकरीत दिवसभर हेच करायचं असतं, परचेस ऑर्डर, गुड्स रिसीट आणि इन्व्हॉईस जुळवायचं, थ्री-वे मॅच म्हणतात त्याला, मेसेज म्हणजे तुमची ऑर्डर, रजिस्टर म्हणजे रिसीट. मी २००८ पासून २०१५ पर्यंत कारखान्यात तेच केलं होतं, पण टँकरला ते नाव लावायचं डोक्यात आलं नव्हतं.

मग ते उत्तर त्यांनी चार तुकड्यांत बसवून घेतलं, परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, निकाल काय लागला. इंग्रजीत ह्याला स्टार पद्धत म्हणतात, सगळे क्लासवाले हीच शिकवतात, नवीन काही नाही. फरक एवढाच की बाकी ठिकाणी पहिला तुकडाच पाऊण मिनिट खातो. मॅडमचा हिशोब असा, दोन मिनिटांतली पहिली वीस सेकंद परिस्थिती आणि जबाबदारी मिळून, शेवटची वीस निकाल, मधला सगळा वेळ 'मी काय केलं'. आणि 'आम्ही' नाही, 'मी'. हे मला जड गेलं. आपल्याला 'आम्ही कमिटीने ठरवलं' असंच बोलायची सवय, मी मी केलेलं बरं दिसत नाही ना. पण कमिटीला नोकरी द्यायची नाहीये.

उत्तर पाठ करू देत नाहीत हेही चांगलं. स्क्रीनच्या कडेला कागद चिकटवला तर त्यावर तीनच शब्द, माझ्याकडे टँकर, रजिस्टर, वळते असे होते. पूर्ण वाक्यं लिहिली की डोळे डावीकडून उजवीकडे फिरतात आणि नंतर माणूस व्हिडिओ बघतो तेव्हा त्याला ते लगेच कळतं.

आता त्या रिपोर्टबद्दल, कारण तिथे माझं डोकं फिरलं. मी कॉम्बो घेतला होता (म्हणूनच तुम्हाला सांगतेय). बारा पानी रंगीत पीडीएफ, आत्मविश्वास ७१, उत्साह ५८, आय कॉन्टॅक्ट ६४, आणि एक कोळ्याच्या जाळ्यासारखा चार्ट. मी अकाउंट्सवाली, मला आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायची खोड. काउंटरवर विचारलं तर "सिस्टिम काढते मॅडम." कशावरून काढते? "चेहऱ्यावरून, आवाजावरून." मग मी केबिनमध्ये जाऊन तेच उत्तर शब्दाला शब्द परत दिलं, फक्त चष्मा काढून. आत्मविश्वास वाढला! मग चष्मा लावून मागचा पडदा बाजूला केला, मागे पुस्तकांचं कपाट दिसत होतं, तर अजून तिसराच आकडा. म्हणजे माझ्या आत्मविश्वासात कपाटाचा वाटा आहे.

घरी येऊन वाचलं तर हे जर्मनीत आधीच झालेलं. २०२१ मध्ये तिथल्या बव्हेरियाच्या सार्वजनिक ब्रॉडकास्टरच्या पत्रकारांनी असंच एक सॉफ्टवेअर तपासलं होतं, चष्मा लावला, डोक्याला स्कार्फ घातला, मागे पुस्तकांचं शेल्फ ठेवलं की व्यक्तिमत्त्वाचे आकडे बदलत होते. आणि खुद्द हायरव्ह्यूने चेहऱ्याच्या हालचाली मोजणं बंद केल्याचं जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं. युरोपियन युनियनने तर फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी माणसाच्या भावना ओळखणाऱ्या एआयवर बंदीच आणली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. जे मोठ्या कंपनीने सोडून दिलं आणि युरोपात बंद झालं ते नवी पेठेत ६०० रुपयांना नवं म्हणून विकलं जातंय.

मी मालकांना हे बोलले. माणूस सभ्य आहे, वाद घातला नाही, म्हणाले "मॅडम, मुलांना आकडा लागतो. आकडा दिला नाही तर त्यांना वाटतं काही शिकवलंच नाही." हे मला खोटं वाटत नाही. माझ्या समोरच एक पोरगा उत्साह ४९ आला म्हणून तोंड पाडून बसला होता, मॅकेनिकलचा, चांगलं बोलत होता, उत्तरात दम होता, आणि पुढच्या फेरीत तो आकडा वाढवायला म्हणून भुवया उडवत बोलायला लागला. त्याला म्हणलं बाळा भुवया खाली घे. "पण काकू स्कोअर?" स्कोअर गेला खड्ड्यात.

रेकॉर्डिंगचंही बघा. तुमचे व्हिडिओ त्यांच्या कॉम्प्युटरवर राहतात, मी गेले तेव्हा डेस्कटॉपवर दुसऱ्या मुलामुलींच्या नावांचे फोल्डर उघडे दिसत होते. हे मला अजिबात आवडलं नाही. आपल्याकडे वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये संमत झालाय, पण कायदा असो नसो, निघताना समोर उभं राहून डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. माझं केलं. न मागता करत नाहीत.

शनिवारी फ्रेशर्सची बॅच असते तिथे गेम्स आणि ॲप्टिट्यूडचा सराव घेतात. कॅपजेमिनीसारख्या कंपन्या गेमवाल्या टेस्ट घेतात म्हणून मुलांची गर्दी. मी एकदा बसले होते. फुगा फुगवायचा, प्रत्येक पंपाला पैसे वाढतात, फुटला की गेले, असा एक खेळ. ही जोखीम मोजायची टेस्ट आहे, मानसशास्त्रवाल्यांनी २००२ मध्ये काढलेली. इथे शिकवणारा मुलगा 'अमुक पंप झाले की थांबा' असा फॉर्म्युला सांगत होता, त्याला काही अर्थ नाही, प्रत्येक कंपनीला काय हवंय ते वेगळं. ह्याला पैसे घालू नका, कंपन्या आणि टेस्टवाले स्वतःच फुकट नमुने देतात, त्यावर माउस आणि वेळेची सवय झाली की पुरे. पण त्याच बॅचमधला व्हर्संटचा, म्हणजे इंग्रजी बोलण्याच्या टेस्टचा, सराव मात्र चांगला आहे, फोनवर किंवा कॉम्प्युटरवर वाक्य ऐकायचं आणि जसंच्या तसं म्हणायचं, विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य करायचं, गोष्ट ऐकून परत सांगायची. बीपीओ आणि कस्टमर सपोर्टला जाणाऱ्यांनी तेवढ्यासाठी जरूर बसावं. ऐकून लगेच म्हणायचं हे सोपं वाटतं, तिसऱ्या लांब वाक्याला फेफे उडते.

'एटीएस प्रूफ रेझ्युमे' म्हणून अजून एक गोष्ट विकतात (एटीएस म्हणजे कंपनीचं अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर), ती पण राहू द्या. दोन कॉलम नकोत, टेबल नको, फोटो नको, जाहिरातीत जे शब्द आहेत ते खरे असतील तर तसेच वापरा, संपलं. भाचीने अर्ध्या तासात करून दिला.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी. बॅचमधली काही मुलं मॅडमना विचारत होती की प्रश्न ऐकून उत्तर स्क्रीनवर आपोआप लिहून देणारं ॲप कुठलं, टेबलाखाली दुसरा मोबाईल कसा ठेवायचा. मॅडमनी सरळ सांगितलं, ते इथे चालणार नाही, पुढच्या राउंडला माणूस समोर बसून ह्याच उत्तरावर तीन उपप्रश्न विचारेल तेव्हा ॲप कुठे ठेवशील. पोरं गप्प. हे असं सांगणारे क्लास कमी आहेत, बाकीचे त्याचाच कोर्स काढतील.

माझं काय झालं विचाराल तर दोन ठिकाणी रेकॉर्डेड राउंडनंतर काहीच कळवलं नाही, नकार पण नाही, हे एक नवीनच. तिसऱ्या ठिकाणी पुढचा राउंड आला, माणसाबरोबर, समोरच्या बाईने पहिलंच विचारलं "ते टँकरचं जरा परत सांगा." तिथे मी आता जॉइन झालेय. ह्यात केबिनचा वाटा किती आणि माझा किती ते काढत बसत नाही.

जायचं असेल तर मेट्रोने गरवारे कॉलेजला उतरून रिक्षा करा किंवा चालत जा, गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही आणि टोइंगवाले ह्या भागात फिरत असतात. बुकिंग व्हॉट्सॲपवर, डिपॉझिट २०० घेतात ते परत मागून घ्या, आपणहून देत नाहीत. रविवारी संध्याकाळी केबिन मिळायची आशा सोडा, बहुतेक लिंकांची मुदत रविवारी रात्री संपते आणि सगळ्या पुण्याला तेव्हाच आठवतं. मंगळवार-बुधवार दुपार सगळ्यात रिकामी, आणि मॅडमही तेव्हा निवांत असतात, तासाचा सव्वा तास करतात, जास्तीचे पैसे न घेता. गणपतीचे दहा दिवस बंद असतं, तेव्हा तसंही त्या भागात कुणाला काही रेकॉर्ड करता येणार नाही.